संबंधित महिला कर्मचारी

बांगड्यांना तिखट-मीठ चोळता चोळता राजश्रीने बोटाच्या पेराने फोनवरचं ‘पाठवा’ दाबलं. वाचलं काहीच नाही. बाहेर कोल्हापूरकडची माणसं जेवायला बसली होती, तव्यावर तेल धुरावत होतं. अशा वेळी कोण वाचत बसतंय!

पालीच्या नाक्यावरची ही खानावळ आता इंटरनेटवरही आली होती. ती हौस राजश्रीच्या नवऱ्याची, नितेशची. तो मुंबईला नोकरीला. तिच्या फोनमध्ये त्यानेच एआय बसवून दिला होता. गिऱ्हाइकांनी काही लिहिलं की तो गोड भाषेत उत्तर तयार करायचा. मात्र तिने वाचल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, हे नितेशने चांगलं बजावलं होतं.

जेवणं उरकल्यावर त्याचाच फोन आला.

“आईला कामावरून काढलंस होय गं?” तो हसत होता.

“काय बोलताय?”

“बघ तरी काय पाठवलंयस ते.”

तिने बघितलं. कुणा पाहुण्याने एकच स्टार देऊन लिहिलं होतं, की नको नको म्हणत असताना आजींनी पानात भात वाढला, आणि तो टाकला तर वर रागावल्या. खोटं नव्हतंच ते. राजश्रीच्या सासूबाई, सोनूबाई, पाहुण्याचं पहिलं ‘नको’ कधी धरतच नसत. ते मेलं लाजून म्हटलेलं असतं. आता एआयला हे कुठून कळणार? त्याने लिहून टाकलं होतं, ‘आम्ही दिलगीर आहोत. संबंधित महिला कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.’

सासरे गेल्यावर सोनूबाईंनी एकटीने ही खानावळ उभी केली होती. नितेश शिकला तो त्याच चुलीवर.

“आईंना कळू देऊ नका हां.”

“अगं, आधी तिलाच फोन केला मी. गंमत म्हणून.”

“गंमत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“मला वाटलं, हसेल,” नितेशचा आवाज उतरला. “नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.”

राजश्री हातही न धुता खानावळीमागच्या घराकडे धावली. सोनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या आणि पिशवीत कपडे भरत होत्या. राजश्रीला रडूच फुटलं.

“आई, देवाशपथ, ते मी लिहिलेलं नाही. एआयनं लिहिलं, मी न वाचता सोडलं. माझं चुकलं. कुठे निघालात तुम्ही?”

“संगमेश्वरला. बहिणीकडे.”

“माझ्यावर रागावून?”

“रागावू कशाला गो?” सोनूबाई कॉटच्या कडेला टेकल्या. “गुडघे केव्हाचे बोंबलतायत माझे. पण खानावळ माझी, मग मला होत नाही हे मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि तूसुद्धा भाताचा टोप कधी माझ्या हातातून घेतला नाहीस.”

खरंच घेतला नव्हता. त्या लंगडत पंगतीतून फिरायच्या तेव्हा राजश्रीचा हात पुढे व्हायचा आणि तसाच मागे यायचा. सासूला बस म्हणायचं म्हणजे तिचा अपमान, असं तिला वाटायचं.

“आज नितेश सांगत होता, तर मला आधी धस्स झालं,” सोनूबाई म्हणाल्या. “मग म्हटलं, सुटले बाई एकदाची! कुणीतरी म्हणायला हवंच होतं.”

राजश्रीचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसता पुसता ती हसायला लागली, आणि तिखटाच्या हाताने आणखीच पाणी आलं. सोनूबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं.

“थांबा,” ती फोन काढत म्हणाली, “ते खोटं आधी पुसून टाकते. त्या पाहुण्याला नीट लिहिते.”

सोनूबाईंनी तिचं मनगट धरलं.

“पुसशील गो,” त्या म्हणाल्या. “मी एसटीत बसेपर्यंत तरी राहू दे.”