तात्यांचे पाय

आजारी माणसाला चिडायला निमित्त लागत नाही, पण त्या आठवड्यात चित्रकारणीकडे निमित्तं रग्गड होती.

इंटरनेटवर दर शुक्रवारी तिची चित्रकथा यायची. दाढ दुखो, वीज जावो, शुक्रवार तिने कधी चुकवला नव्हता. कथेचे नायक तात्या, एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचं जगातल्या यच्चयावत यंत्रांशी वाकडं. तिकिटाच्या यंत्राशी हुज्जत, 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणाऱ्या फोनमधल्या बाईशी हुज्जत. तात्या म्हणजे थेट तिचे बाबा. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि लिफ्ट बंद पडल्यावरच बोलावणं यायचं म्हणून जन्मभर जिने चढले. आई गेल्यापासून घरात दोघंच. खाली बाबा, वर तिची खोली, मध्ये अरुंद लाकडी जिना. गोष्टी ती मनाने रचायची, पण बाबा मात्र समोर जसे दिसतील तसेच काढायची.

सोमवारी ताप चढला, घसा बसला, हातात पेन धरवेना. नाइलाजाने तिने वाचकांसाठी एक ओळ टाकली की बरं नाही, या शुक्रवारी तात्या येणार नाहीत. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग. तात्यांना काय झालं? तात्यांना जपा. तात्यांना मारू नका हं. जिच्या अंगात ताप होता तिची विचारपूस एकानेही केली नव्हती. सख्ख्या आत्याने फोन केला, तोही, "अगं, दादाला काय झालंय?" म्हणून.

आणि त्या ढिगात होता बारीकनजर. हे त्या महाशयांनी स्वतःच घेतलेलं नाव. तात्यांच्या शर्टाची बटणं मोजणारा उंटावरचा शहाणा. त्याने लिहिलं होतं, 'सुटी कशाला? तशीही हल्ली मेहनत दिसत नाही. कित्येक महिने तात्या प्रत्येक चौकटीत बसलेले. खुर्चीत, बाकावर, पायरीवर. टेबलामागे पाय लपवले की काढायला नकोत. सरळ सांगा ना, पाय येत नाहीत म्हणून.' त्याखाली शेकडो लोकांनी अंगठे उमटवले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय येत नाहीत? पाय काढायला शिकण्यात तिची अख्खी उमेदवारी गेली होती. बस स्टॉपवर बसून लोकांच्या चपलांकडे बघत राहायची तेव्हा लोक तिला वेडी समजायचे. अंगात जरा त्राण येऊ दे, मग या माणसाला पुराव्यानिशी गप्प करायचं, असं तिने उशीत तोंड खुपसून ठरवलं.

तिसरं निमित्त सूप. बाबा दिवसातून दोनदा ते वर आणायचे, पण तिच्या हातात द्यायचे नाहीत. दाराजवळच्या खुर्चीत टेकायचे, ट्रे मांडीवर ठेवायचे आणि काडी लावायचे.

"सिनेमातल्या लोकांना साधी सर्दी का होत नाही गं?"

झालं. ती बसल्या घशाने सुटायची. "कशी होईल? तिथे नुसतं खोकून चालत नाही. खोकला की रुमालावर रक्त ठरलेलं. मध्यंतरापर्यंत जगला तर नशीब. नायिकेला ताप आला तर कपाळावर एक ओली पट्टी, की सकाळी बाई केस विंचरून तयार. नाक कुणाचंच गळत नाही. मी इतके दिवस नाक पुसतेय, माझ्यावर काढेल का कुणी सिनेमा?"

बाबा मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी मालिका. "त्या कोमातून उठतात त्याही लिपस्टिक लावून. आणि आजार कुणाला झालाय ते आधी वाद्यांना कळतं. ढॅण ढॅण वाजलं की समजायचं, याचा नंबर." तिसऱ्या दिवशी आकाशात उडणारे हिरो. त्यांची कंबर का धरत नाही, ते इमारतीवरून उतरताना जिना का वापरत नाहीत, वगैरे. तिचं बोलून संपलं की बाबा उठायचे आणि वाटी हातात द्यायचे.

"बाबा, हे गारढोण झालंय. आधी द्यायचं, मग बोलायचं ना."

"हो गं, राहिलंच."

आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. एवढा साधा माणूस, पण एक वाटी सूप वेळेवर देता येऊ नये, म्हणून ती धुसफुसत गार सूप प्यायची.

गुरुवारी ताप उतरला. तिने लगेच फोन घेतला आणि बारीकनजरचे दात घशात घालायला जुने भाग उघडले. हे बघ, तात्या शिडीवर चढून दिवा बदलतायत. हे बघ, चहाच्या यंत्राला लाथ मारतायत. तो उचललेला पाय काढायला तिची एक दुपार गेली होती. हे बसमागे धावतायत, एक चप्पल हवेत. पुरावे सापडत होते तशी तिला तरतरी येत होती. मग ती एकेक भाग अलीकडे येऊ लागली.

तात्यांचा एक हात भिंतीला टेकलेला. पुढच्या भागात कठडा धरलेला. मग पायरीवर टेकवलेल्या पिशव्या, आणि शेजारी तात्या. मग खुर्ची. मग खुर्चीच. पाय टाळायचे असं तिच्या मनातही आलं नव्हतं. समोर जे बसलं होतं ते तिने काढलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. थोडी वाजली आणि थांबली. इतके दिवस तिला वाटत होतं की बाबा मध्येच फोन बघत थांबतात. आज तिने कान देऊन ऐकलं. बाबा आले, खुर्चीत टेकले, ट्रे मांडीवर घेतला.

"काय गं, त्या मालिकेत..."

"आज मी नाही बोलणार. तुम्ही बोला."

बाबांनी नुसतं हसून बघितलं. ट्रेमधला चमचा वाटीवर किणकिणत होता. ती उठली आणि ट्रे त्यांच्या मांडीवरून उचलला. सूप कढत होतं.

"कधीपासून लागतोय दम?"

"वय झालं, माझे आई. तुझं आटपू दे, मग बघू."

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. बाबांनी चष्मा पुसला, भिंतीवरचा हात पाहिला, कठडा पाहिला, पिशव्या पाहिल्या, शेवटी बारीकनजरचं लिखाणही वाचलं.

"आगाऊ आहे मेला," ते म्हणाले. "तू असं कर, पुढचे दोन-तीन भाग मला उभा काढ. गप्प बसेल."

तिला इतका राग आला की रडूच फुटलं. "नाही काढणार. मी तुम्हाला कधी खोटं काढलंय? इतके दिवस मला सिनेमावर बडबडायला लावून तुम्ही श्वास सावरत होतात. मला वाटलं, माझं ऐकताय."

"ऐकतही होतो," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी, तात्या यायच्या वेळेला, दोघं दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या लाल नाकाकडे बघून तिलाच विचारलं, "काय होतंय?"

"मला काही नाही. यांना बघा."

"कधीपासून, काका?"

"असेल आठ-दहा दिवस," बाबा म्हणाले.

"यांचं काही ऐकू नका," ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाई एकेक भाग मागे सरकवत गेल्या. पहिल्यांदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. भिंतीवरच्या हाताशी येऊन त्यांनी खालची तारीख वाचली आणि बाबांकडे असं पाहिलं की बाबांनी शर्टाची बटणं आपणहून काढायला घेतली. तपासण्या आजच करायच्या, जिना बंद, आणि आणखी उशीर केला असता तर मी तुम्हाला दोघांनाही सोडलं नसतं, असं त्या म्हणाल्या.

बाबा आत गेले. ती बाहेरच्या बाकावर नाक पुसत बसली आणि तिने बारीकनजरचं लिखाण पुन्हा उघडलं. त्याच्यासाठी इतके दिवस घोटून ठेवलेल्या शिव्या आता कुचकामी झाल्या होत्या, आणि आभार मानणं तिच्या जिवावर आलं होतं. दार उघडलं. बाबा भिंतीला हात लावून उभे होते, त्यांना आता तपासणीसाठी दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. ते गेल्यावर तिने टाइप केलं, 'पाय मला येतात. थोडं थांबा.'