पहिला कप

चुडामण आबांनी सातव्या डब्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि केळीच्या घडाची पारख करावी तितक्या गंभीरपणे श्वास ओढला.

"हे काय शे?"

"मोरिंगा, आबा," भूमिका म्हणाली. "थकव्यावर चांगला."

आबांनी चिमूटभर पाला तळहातावर घेऊन चोळला.

"शेवगा शे हा."

"शेवगाच. डब्यात गेला की मोरिंगा होतो."

दुकानात हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांना वेळ काढायचा होता, आणि डबे पाचच उरले होते.

जळगावातल्या त्या गल्लीत आज भूमिकाच्या वनस्पती-चहाच्या दुकानाचा मुहूर्त होता. पूजा आटोपली होती, नारळ फुटला होता, आणि वीसेक माणसं हातात काचेचे रिकामे कप धरून उभी होती. रिकामे अशासाठी, की भूमिकाने जाहीर करून टाकलं होतं: पहिला कप आबांचा. ते प्यायल्याशिवाय किटली दुसऱ्या कुणाकडे वळणार नाही.

अडचण एवढीच, की आबा लेकीच्या घरचं काही घेत नसत. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी त्यांच्या घराण्याची रीत. भूमिकाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं आबा आणि सुगंधाबाई चोपड्याहून यायचे, लेकीला डोळे भरून बघायचे, आणि तहान लागली की रस्ता ओलांडून जहांगीरभाईच्या हॉटेलात जायचे. तिथल्या बाकावर बसून दोघं चहा प्यायचे. भूमिका वर गॅलरीत उभी राहून बघायची. पहिली काही वर्षं ती हातही हलवायची.

"आबा, हे दुकान आहे. घर थोडंच आहे?" जावई कुंदन हळूच म्हणाला.

पण हळू बोललेलं नेमकं पितांबर नानांना ऐकू येई. नाना आबांचे चुलतभाऊ. रीतिरिवाजाचा प्रश्न निघाला की भाऊबंदकीत शेवटचा शब्द त्यांचा.

"खाली दुकान, वर घर," नानांनी बोट वरखाली केलं. "लाइटचं मीटर एक का दोन?"

"एकच, नाना."

"मग घरच शे."

शास्त्राला विजेच्या मीटरचा आधार मिळालेला आबा पहिल्यांदाच पाहत होते.

एवढंच असतं, तर नानांना त्यांनी कधीच गुंडाळलं असतं. पण गेल्या महिन्यात कुंदनचा फोन आला होता. आबा तेव्हा केळीच्या बागेत होते. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, मुलासाठीचे उपचार आता थांबवा, पुढे काही होणार नाही. एवढं सांगून कुंदन शेवटी म्हणाला, भूमीला कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून. आबांनी कुणालाच कळू दिलं नाही. सुगंधाबाईंना तर नाहीच. त्या अजून नातवंडासाठी सोमवार धरत होत्या, आणि आबा दर सोमवारी समोर बसून त्यांची साबुदाण्याची वाटी रिकामी होताना बघत होते.

आता कप घेतला नाही, तर सगळ्यांदेखत लेकीला म्हटल्यासारखं होणार होतं की बाई, तुझ्यात अजून काही कमी आहे. आणि घेतला, तर सुगंधाबाई तिथल्या तिथे ओळखणार होत्या. नऊ वर्षं न मोडलेली रीत हा माणूस उगाच मोडणार नाही, एवढं त्यांना नवऱ्याबद्दल ठाऊक होतं.

"जहांगीरभाई," आबांना एकदम सुचलं, "चला बरं तुमच्याकडे. डोकं धरलं शे."

"कुठे आबा? आज भट्टीच पेटवली नाही." जहांगीरभाईंनी आपला रिकामा कप उलटा करून दाखवला. "मालकच इथे प्यासा उभा आहे. तुम्ही मनावर घ्या, म्हणजे आमचा घसा ओला होईल."

आबा मुकाट्याने आठव्या डब्याकडे वळले. त्यात गोकर्णाची फुलं होती. भूमिका सांगत होती, पाणी निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. नववा पित्तावर होता. नानांनी त्याची दोनदा चौकशी केली. दहावा ओलांडून भूमिका अकराव्याकडे गेली.

"हा राहिला," आबा म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना झाकणावरचं अक्षर वाचता आलं.

"तो बाळंतिणींसाठी," भूमिका म्हणाली. आवाज इतर नऊ डब्यांना होता तोच. "शतावरी, बडीशेप, मेथ्या. दूध चांगलं येतं."

कुणीतरी खाकरलं.

"असू दे, असू दे," नाना मायेने म्हणाले. "घरात असलेला बरा. कधीमधी लागला तर बाहेर जावं लागत नही."

नानांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच त्यांच्यावर कुणाला चिडताही येईना. कुंदन रस्त्याकडे बघू लागला. भूमिकाने डबा जरा फिरवला, त्याची चिठ्ठी बरोबर समोर आणली आणि हात काढून घेतला.

आबांनी अकरावा उघडलाच नाही.

"भूमी, तू कोणता पितेस?"

"मी?"

"सकाळी. स्वतःसाठी करतेस तो."

"तो डब्यात नाही, आबा." ती गोंधळली. "गवती चहा, आल्याचा तुकडा, जास्वंदीची दोन फुलं. हाताला येईल तसं. गॅलरीत उभी राहून पिते."

"तो टाक."

भूमिकाने पाणी ठेवलं. गवती चहाची पात कातरीने कापून टाकली, आलं ठेचलं, फुलं सोडली आणि झाकण ठेवलं.

"तीन मिनिटं मुरू द्यावं लागतं."

"चुडामण, विचार कर," नाना म्हणाले.

"तीन मिनिटं शेत ना. करतो."

त्या तीन मिनिटांत आबांनी कुणाकडेही पाहिलं नाही. भिंतीलगत खुर्चीवर बसलेल्या सुगंधाबाईंकडे तर नाहीच. झाकण निघालं. पाणी लालसर झालं होतं. कप हातात आला, तेव्हा आबांनी टोपी सारखी केली, जणू कुणाच्या पाया पडायचं होतं, आणि ओठाला लावला.

आधी आंबट लागलं. मग आल्याने घसा धरला, आणि तो सुटता सुटता पाटाच्या कडेला सकाळी येतो तसा ओल्या गवताचा वास नाकात चढला. आबांनी कप मध्येच खाली ठेवला नाही. तळ दिसेपर्यंत प्याले.

"साखर राहिली."

"साखर घालत नाहीत त्यात."

"मग बरा शे."

भूमिका घाईघाईने दुसऱ्यांचे कप भरायला वळली. जहांगीरभाईंनी आपला कप दोन्ही हातांनी पुढे धरला.

आबांच्या मागे बांगड्या किणकिणल्या. सुगंधाबाई उठल्या होत्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आबांनी मान खाली घातली.

"माले बी दे वं," त्या भूमिकाला म्हणाल्या. "त्यातलाच."

फुंकर न घालता त्यांनी अर्धा कप संपवला. मग नवऱ्याशेजारी येऊन, समोरच्या डब्यांकडे बघत, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"माले दिवाळीपासून ठाऊक शे. तिनंच सांगितलं."

आबांनी मान वर केली.

"मग ते सोमवार?"

"तुमी समोर बसून बघत व्हते ना. सोडले असते, तर तुमी कारण विचारलं असतं."

एवढं बोलून त्यांनी उरलेला चहा घेतला, पदर खोचला आणि भाऊबंदांतून वाट काढत त्या जिन्यापाशी गेल्या. "अगं सुगंधा," असं काहीसं नाना म्हणाले. पण तेवढ्यात कुंदनने दुसऱ्या किटलीतल्या पित्तावरच्या चहाने त्यांचा कप काठोकाठ भरला, आणि तो सांडू न देणं ही तातडीची गोष्ट होऊन बसली.

सुगंधाबाई दोन पायऱ्या चढून थांबल्या.

"भूमी, पीठ कशात ठेवतेस वं? भाकरी टाकते."

भूमिकाने किटली नवऱ्याच्या हातात दिली.

"थांब आई, दाखवते," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकांना तसंच सोडून आईच्या मागे जिना चढू लागली.