पहिल्याला एक म्हणत नाहीत

जळगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी फळ्यावर ॲरे, म्हणजे माहितीच्या खणांची रांग, म्हणून ओळीने पाच चौकोन आखले आणि मला मोजायला सांगितले. मी बोट ठेवत मोजू लागले, "लाभ, दोन, तीन..."

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी माझ्या अहिराणी बोलीची नक्कल केली, "कुंदा, हाई काय खळं शे का? पहिला चौकोन शून्य! कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो!"

माझं डोकंच फिरलं. "सर, धान्य मापताना माझी आई पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. तुमचं मशीनही पहिल्याला एक म्हणत नाही. त्याला कुणी हसलं नाही!"

"खाली बस!"

"बसते. पण तुम्ही शून्यापासून मोजता, आम्ही लाभापासून. मग हसायचं कुणी?"