गाठीत कोंडलेली पांढरी पेशी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि नुसत्या डोळ्यांना मी दिसणारही नाही. मी एक जुनी पांढरी पेशी आहे. चतुराबाई नावाच्या बाईच्या फुफ्फुसातल्या एका गाठीत मी राहते.

माझा जन्म तिच्या हाडातल्या मज्जेत झाला. आपले कोण, परके कोण, हे मी छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकले. मग रक्तातून हिंडू लागले. कानाजवळून जाताना घरातली बोलणी ऐकू येत. तिची माणसे मला अशीच माहीत झाली.

चतुराबाई तरुणपणी फुलंब्रीकडे स्वतःच्या शेतात राबायची. तेव्हा क्षयाचे जंतू तिच्या फुफ्फुसात शिरले. घरात दूध होते, डाळ होती. आमच्या अंगात बळ होते. आम्ही जंतूंना चारी बाजूंनी वेढून कोंडले, तीच ही गाठ. ते निपचित झाले आणि आम्ही पहाऱ्याला राहिलो. तेव्हापासून पहारेकरी आणि कैदी एकाच कोठडीत. बाहेरचे बोलणे मात्र छातीतून घुमत आत येई.

मग पावसाने पाठ फिरवली, पुढच्या वर्षीही फिरवली. विहीर आटली. चतुराबाई तिचा नवरा सांडू याच्याबरोबर चिकलठाण्याकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींवर कामाला आली. दिवसभर डोक्यावर विटा, राहायला पत्र्याची खोली. सांडूचे काम जड, म्हणून डाळ त्याला. लेक संस्कृती शाळेत जायची, म्हणून दूध तिला. चतुराबाई सगळ्यांच्या शेवटी बसे. पुष्कळदा बसतच नसे.

मित्रांनो, आमच्या प्रत्येकीच्या आत एक पारख असते. आजूबाजूला साखर आहे का, प्रथिनांचे कण आहेत का, हे ती सतत चाचपत राहते. शत्रू नुसता ओळखून भागत नाही. पारखेने होकार दिला तरच पेशी वाढते, एकीच्या अनेक होतात, लढायचे सामान तयार होते. शिधा नसताना फौज उभी केली तर सगळीच मरेल, म्हणून हा नियम.

आणि एक दिवस जंतू जागे झाले. मला खेटून असलेल्या पेशीत ते वाढत होते. मी त्यांना ओळखले. पण पारख हलेना. जे थोडे अन्न गाठीत झिरपे, त्यावरही जंतू ताव मारत. माझ्या शेजारणी एकेक करून मलूल झाल्या. लढता येईना, बाहेर पडायला वाट नाही, आणि शत्रू समोर. तसा किती काळ काढला, मला सांगता येणार नाही.

बाहेर चतुराबाई खोकला पदरात दाबत होती. मुकादमाला कळले तर काम जाईल, ही भीती. शेवटी पदरावर रक्त दिसले. सांडूने तिच्या डोक्यावरच्या विटा उतरवल्या आणि तिला दवाखान्यात नेले.

मनस्विनी नावाच्या डॉक्टरबाईंनी थुंकी तपासून क्षयाची औषधे सुरू केली. जेवण कसे आहे, असेही विचारले. पोटभर जेवते, असे चतुराबाईने सांगितले. सांडू भिंतीशी उभा होता.

"आम्ही जेवल्यावर उरंल ते खाती ती," तो म्हणाला. "अन् उरतं काय, ते मी कधी पाह्यलंच नाय."

डॉक्टरबाईंनी त्या दोघांना बसवून समजावले. औषध जंतू मारील, पण अंगातले शिपाई उपाशी राहिले तर त्याला साथ कोण देणार?

त्या संध्याकाळी सांडूने पहिले ताट तिच्यापुढे ठेवले. तिने ते मागे सारले. उन्हात तो राबतो, त्यानेच खावे, असे तिचे म्हणणे.

"तू खाल्ल्याबिगर मी घास उचलणार नाय," सांडू म्हणाला.

डाळ निवत चालली. संस्कृतीही हात आखडून बसली. तेव्हा चतुराबाईने डोळे पुसले आणि भाकरी मोडली.

रोज असे होऊ लागले. डाळ, शेंगदाणे, कधी अंडे. हळूहळू ते कण गाठीत पोचले आणि माझ्या पारखेने होकार दिला. मी फुगले, दुभंगले, माझ्या लेकी झाल्या, लेकींच्या लेकी झाल्या. औषध एका बाजूने आणि आम्ही दुसऱ्या बाजूने. काही महिन्यांनी चतुराबाईचा खोकला थांबला. औषधाची एकही गोळी तिने शेवटपर्यंत चुकवली नाही.

जंतू मेले तशी गाठ थोडी सैल झाली, आणि माझ्या लेकी बाहेर पडून आता रक्तातून मोकळ्या हिंडतात. मी मात्र आतच राहिले. गाठीवर चुन्याचा थर चढतो आहे आणि बाहेरचे बोलणे आता ऐकू येत नाही.

मित्रांनो, माझी सुटका मी मागत नाही. तुमच्या घरात जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिला आज आपल्याबरोबर बसवा. ती भूक नाही म्हणेल. तरीही वाढा. तिच्या आत आम्ही वाट पाहत असतो.