मागाहूनचा खण

मी माणसाचं तोंड आधी बघते आणि चेहरा मागाहून. यात माझा काही वाईट हेतू नसतो. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, आणि त्यावरून आम्ही कॅप, कवळ्या असं सगळं घडवून परत पाठवतो. त्यामुळे समोरचा हसला की तो कशाला हसला हे मला उशिरा कळतं, त्याची खालची दाढ मात्र लगेच दिसते. नवरा म्हणतो, लग्नाआधी भेटलीस तेव्हा मला वाटलं, काय ही मुलगी, किती लक्ष देऊन ऐकते!

तर मला दुसऱ्या एका गावातल्या लॅबने बोलावलं. पगार आत्ताच्यापेक्षा बराच मोठा. म्हणजे माझा आणि नवऱ्याचा मिळून जेवढा होतो त्याच्या जवळ जाणारा, पण तिथवर न पोचणारा. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातून चार-दोन दिवस घरी, बाकी रस्त्यावर. आमची लेक, तिला आम्ही ठमी म्हणतो, ती बाप आला की त्याला पाहुण्यांच्या पेल्यात पाणी देते. तिला कोणी शिकवलेलं नाही. घरच्यांचे पेले वेगळे आणि बाहेरून येणाऱ्यांचे वेगळे, एवढंच तिने पाहिलंय, आणि बाबा बाहेरून येतो. तो हसत हसत पाणी पितो आणि मग मोरीत जाऊन उगाच बराच वेळ तोंड धूत बसतो. मला ते बघवत नाही.

नव्या गावात माझ्या एकटीच्या पगारावर घर नीट चाललं, तर तो ट्रक सोडून घरी येणार होता. जवळपास काही मिळेल ते काम बघितलं असतं, पण त्याचा भरवसा धरायचा नाही असं आमचं ठरलं होतं. नाही चाललं तर आहे तसंच पुढे चालू. लॅबला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी गाव बघून येऊ.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "तू एकटी गेलीस तर लोकांचे दात मोजून परत येशील."

ठमीला बहिणीकडे सोडून आम्ही दोघी निघालो. बसमधून उतरल्या उतरल्या मी चौकशीला लागले. मला चौकशा करायला मनापासून आवडतात. माहेरी मला 'पंचाईत' म्हणत. स्टँडबाहेरच्या भाजीवालीला मी भाव विचारले आणि माझे डोळे पांढरे झाले. टोमॅटो आमच्याकडच्या दीडपट!

"एवढ्यात भागतं का हो इथल्या लोकांचं?" मी विचारलं.

"भागतं की," ती म्हणाली.

पुढे चपलांच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने होत्या, त्या बघितल्या. लॅब तिथून चालत पाच मिनिटांवर, शाळा त्याच रस्त्यावर. दोन्ही खोल्यांना खिडक्या, स्वयंपाकघरात ओटा बऱ्यापैकी लांब. सासूबाईंनी प्रत्येक नळ सोडून आणि बंद करून बघितला, कपाटाची दारं उघडून आत वास घेतला. घरमालकीण गोड बाई होती. पुढचे दोन्ही दात पडलेले नव्हते पण हलत असावेत, कारण ती बोलताना जीभ जपून वापरत होती.

"आधीचे भाडेकरूही नोकरदारच," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच पगार असेल. छान भागत होतं त्यांचं."

"मग सोडून का गेले?" सासूबाईंनी विचारलं.

"भागेना म्हणून."

बाईने हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी हसूच आलं. जिना उतरेपर्यंत हसू विरून गेलं. मग काय धरायचं आणि काय सोडायचं?

दुपारी लॅबमध्ये जायचं होतं, तोवर आम्ही एका बागेत बाकावर बसलो. सासूबाईंनी पिशवीतून सफरचंद आणि छोटी सुरी काढली आणि पातळ पातळ फोडी करायला लागल्या. एकेक फोड उजव्या गालात ठेवून त्या सावकाश चघळत. डावीकडची त्यांची दाढ तुटून दोन वर्षं झाली होती. "मला बाई सफरचंद कापूनच आवडतं," असं त्या विचारायच्या आत सांगून मोकळ्या होतात.

"तुझा तो 'भागतं का' प्रश्न आता बंद कर," त्या म्हणाल्या. "भागतं म्हणायला काय जातं? गळ्यापर्यंत बुडालेला माणूसही चारचौघांत भागतं असंच म्हणतो. मी तुझ्या सासऱ्यांच्या माघारी सगळ्या पाहुण्यांना भागतं म्हणून सांगायचे, आणि ते गेले की उरलेल्या चहात पाणी घालून प्यायचे."

"मग काय विचारू?"

"पुढे काय ढकललंय ते विचार. आणि कशापायी ढकललंय तेही."

हे खरं तर मला माझ्याच लॅबमुळे कळायला हवं होतं. आमच्याकडे भिंतीत एक खण आहे, त्याला सगळे 'मागाहूनचा खण' म्हणतात. लोक साचा देतात, थोडे पैसे भरतात, आम्ही दात तयार करतो, आणि मग डेंटिस्टकडून निरोप येतो, पेशंट म्हणतोय मागाहून बसवतो. मध्येच शाळेची फी येते, छप्पर गळतं, कोणाचं लग्न निघतं. दात डबीत पडून राहतो. आमचा खण असा गच्च भरलाय की दार लावताना गुडघा द्यावा लागतो.

त्यात एक डबी सासूबाईंची आहे. कॅप मी स्वतः केली, फुकट. पण ती बसवण्याआधी दाढेची मुळं साफ करायची, त्याचा डेंटिस्टचा खर्च मोठा. मी चारदा तारीख घेतली आणि चारही वेळा त्यांनी ती मोडली. "मागाहून बघू गं. एका बाजूने भागतंय ना." माझ्या तर दातांच्या कण्या झाल्या सांगून सांगून.

त्यांनी सुरी पुसून पिशवीत ठेवली आणि आम्ही उठलो.

आता नवा प्रश्न हातात आल्यावर मला कोण हुरूप चढला! भाजीवालीकडे परत गेले. ती म्हणाली, "चष्मा," आणि डोळ्यांवरचा काढून दाखवला. एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. कशापायी, ते विचारायची गरजच पडली नाही. घरमालकीण गॅलरीतच उभी होती, तिला खालूनच विचारलं. तिची गच्चीवरची टाकी गळत होती, आणि भाडेकरू मिळाला की करू म्हणून ते काम राहिलं होतं. दात तिने सांगितले नाहीत, ते मला दिसतच होते.

"पण ही दोन्ही माणसं तुझ्या पगाराची नव्हेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पगाराचा माणूस शोध."

तो लॅबमध्येच सापडला. लॅबचे मालक उंच, वाकून चालणारे गृहस्थ होते. त्यांनी भट्टी दाखवली, यंत्रं दाखवली, माझं टेबल कुठे असेल ते दाखवलं. टेबलाला खिडकीचा उजेड होता, आणि दाताचा रंग जुळवणाऱ्याला याहून मोठी चैन नाही. मी मात्र इकडेतिकडे भिंती शोधत होते.

"तुमचा मागाहूनचा खण कुठाय?"

"कुठला खण?"

मी समजावून सांगितलं. ते विचारात पडले. मग त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. आत तीन डब्या.

"हे एक आजोबा, साचा दिल्यावर वारले," ते म्हणाले. "ही बाई दुसऱ्या देशात मुलाकडे गेली. आणि हा एक आडदांड पैलवान आहे, त्याने पैसे पूर्ण भरलेत, पण खुर्चीत बसायची त्याची हिंमत होत नाही."

मी हसले आणि डब्या पुन्हा मोजल्या. तीनच डब्या! तरी मन म्हणत होतं, थांब. डेंटिस्टकडे जाणारेच लोक हे. भाजीवाली कधी साचा द्यायला गेलीच नसेल.

पॉलिशच्या यंत्रावर एक माणूस बसला होता. मालक म्हणाले, हा तुमच्याच पगारावर आहे, सहा वर्षं झाली. सासूबाईंनी लगेच त्याच्या शेजारचं स्टूल ओढलं.

"घरी आणखी कोणी कमावतं का हो?"

"नाही मावशी. पोरं लहान आहेत, बायको सध्या घरीच असते." त्याने यंत्र बंद केलं. "तुम्ही येताय का इकडे? या की. भागतं तसं."

सासूबाईंनी माझ्याकडे तिरका कटाक्ष टाकला. "ते राहू दे. पुढे काय ढकललंय ते सांगा."

"ढकललंय म्हणजे?"

"करायचं होतं आणि केलं नाही, असं काय राहिलंय?"

तो विचार करायला लागला. आम्ही वाट बघत राहिलो. त्याने कपाळावरची धूळ पुसली, छताकडे बघितलं, बोटं मोडली. मला वाटलं, संकोच करतोय. पण नाही, त्याला खरंच आठवत नव्हतं.

"हां!" शेवटी तो म्हणाला. "पोहायला शिकायचं राहिलंय."

"कशापायी राहिलं?"

"आळस हो, दुसरं काय! तलाव इथे कोपऱ्यावर आहे. पण सकाळी उठवतच नाही." आणि तो तोंड भरून हसला. वरची एक कॅप, अगदी मापात बसलेली; खाली सगळे दात जागच्या जागी. मी असं हसणारं तोंड कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंचा हात धरला. मला नाचावंसं वाटत होतं. आळसापायी! पैशापायी नाही, आळसापायी! त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

बसला वेळ होता. स्टँडच्या बाकावर बसलो तोच नवऱ्याचा फोन आला. तो कुठल्यातरी पेट्रोल पंपावर उभा होता. मागे इंजिनांचा आवाज, हॉर्न. मी स्पीकर लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. खोल्या, नळ, टोमॅटो, तीन डब्या, पोहणं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग घसा खाकरून म्हणाला, "ते सगळं खरं गं. पण माझे पैसे बंद झाल्यावर भागेल का?"

टोमॅटो माझ्या डोळ्यांपुढे आले. नवी जागा, नवी शाळा, काही ना काही पुढे ढकलावं लागणारच होतं. "तसं भागेल," मी म्हणाले, "थोडं ओढून ताणून..."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"भागायला काय, भागतंय तर आत्ताही," त्या म्हणाल्या. "भागतंय म्हणूनच तू तिकडे आहेस, पुढे ढकललेला."

"म्हणजे मी काय करू, आई?" त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज ठमीसारखा झाला होता.

"ये," त्या म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.

"आई रागावली का?"

"नाही रे," मी म्हणाले. "ये तू. मी सोमवारी हो म्हणून कळवते."

फोन ठेवला. सासूबाईंनी पिशवीतून दुसरं सफरचंद काढलं, सुरीसाठी आत हात घातला, आणि तो तसाच बाहेर काढला. सफरचंद त्यांनी परत पिशवीत टाकलं.

"सूनबाई, त्या डेंटिस्टची तारीख घे," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "आणि तुमच्या खणातली माझी डबी काढून आण. इथे तीनच आहेत, त्यात आपली चौथी नको."