बघितल्याची खूण

ज्याच्या जिवाला धोका जास्त, त्याला आधी बघायचं. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी साधी गोष्ट. आम्ही रुग्णालयातले फार्मासिस्ट. दाखल झालेल्या माणसाला कुठल्या गोळ्या चालल्यात, एक गोळी दुसरीच्या वाकड्यात शिरतेय का, हे तपासणं आमचं काम. सगळ्यांना रोज बघणं जमत नाही, म्हणून आधी कोण, मग कोण, हे ठरवावं लागतं. आमच्या साहेबांना ते कळत नाही. कळत नाही कसलं, सगळं कळतं मेल्याला!

वरून फर्मान आलं, की शंभरातले नव्वद रुग्ण दाखल झाल्या दिवशीच तपासून झाले पाहिजेत. तेव्हापासून आम्ही त्यांना नव्वदसाहेब म्हणतो. त्यांनी शक्कल काढली, की सोपे रुग्ण आधी उरकायचे. डोळ्याच्या ऑपरेशनला आलेले, थेंबांची एक बाटली घेऊन दुसऱ्या दिवशी घरी जाणारे. कॉम्प्युटरवर नावापुढे हिरवी खूण केली, की झाला तपासून. गोळ्यांचा ढीग असलेला म्हातारा मात्र अख्खा तास खातो, म्हणून तो उद्यावर. आणि उद्या तो नव्वदाच्या हिशेबातूनच बाहेर, मग त्याच्याकडे कोण कुत्रं बघतंय! नुसत्या पाट्या टाकायच्या. मला घरी जाऊन जेवण जाईनासं झालं होतं.

बायकांच्या वॉर्डात एक शिवणवाल्या मावशी परवापासून होत्या. रक्त पातळ करणारी गोळी त्यांना आधीपासून चालू, त्यात जंतुसंसर्गासाठी नवं औषध सुरू झालेलं. ही दोन एकत्र आली की रक्त नको इतकं पातळ होतं. गोळी वेळेत कमी केली नाही, तर आतल्या आत रक्त वाहून माणूस जातो. काल मी साहेबांशी भांडले.

"उद्या सकाळी पहिलं काम तेच," ते म्हणाले आणि मला डोळ्यांच्या वॉर्डात पिटाळलं.

आज सकाळी मी निघाले, तर साहेब दारातच उभे. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.

"त्या बाईंचं थोडं राहू द्या. माझ्या आईला रात्री दाखल केलंय. चक्कर येऊन पडली. तिच्या गोळ्या बघून या."

"किती गोळ्या आहेत?"

"असतील चौदा-पंधरा."

"मग तुमच्या नियमाने त्यांचा नंबर उद्या."

"चेष्टा नका करू हो." त्यांनी आवाज खाली आणला. "बघितल्याची खूण मी करून टाकलीय. तुम्ही फक्त जरा खरंखुरं बघून या."

खरंखुरं! म्हणजे इतके महिने आमच्याकडून करून घेतलं, ते काय होतं? आणि जन्मदात्या आईच्या नावापुढेही न बघता खूण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग तुम्हीच का नाही बघत?"

"सवय मोडली हो माझी. काही चुकलं तर?"

"आधी मावशी," मी म्हटलं आणि चालू पडले.

मावशी खाटेवर बसून भांड्यात चूळ भरत होत्या. पाणी लाल. "ब्रश कडक आहे गं मेला," त्या म्हणाल्या. दंडावर काळेनिळे डाग, कुणी बुकलून काढल्यासारखे. नर्सच्या हातात सकाळच्या गोळ्यांची वाटी तयार होती. मी ती अक्षरशः हिसकावून घेतली. डॉक्टर धावत आले, रक्त तपासायला गेलं, आणि आकडा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. उतारा म्हणून लगेच इंजेक्शन दिलं. मावशी वाचणार होत्या.

"परवापासून कुठे होतीस गं बाई?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांचे थेंब तपासत होते," मी म्हटलं. मला माझीच किळस आली.

मग साहेबांच्या आईकडे गेले. साहेब पायथ्याशी उभेच होते. आजी पांढऱ्याफटक, उशीवरून मान उचलवत नव्हती. मी एकेक गोळी हातात घेऊन बघितली. रक्तदाबाची एक गोळी घरची, एक इथली. नावं वेगळी, आत औषध तेच. सकाळी दोन्ही पोटात गेलेल्या. मी नर्सकडे बघितलं.

"अहो, तपासल्याची खूण होती म्हणून दिल्या," ती बिचारी रडकुंडीला आली.

मी डॉक्टरांना फोन केला, एक गोळी बंद करायला लावली आणि आजींना सांगितलं, की सकाळच्या दुहेरी गोळीनेच तुम्हाला आता एवढं गरगरतंय.

"पण सकाळी माझ्या लेकाने सगळ्या तपासल्या ना?" आजींनी साहेबांकडे बघितलं. "बघितल्यास ना रे?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. आईच विचारतेय.

"बघितल्या होत्या, आई," साहेब म्हणाले. "नजरचूक झाली."

"असू दे रे राजा. किती दमतोस तू, मला दिसत नाही का?" हात वर करून ती माऊली त्याला जवळ बोलावायला लागली. आणि हा बाबा खाली वाकला आणि तिच्याकडून डोक्यावरून हात फिरवून घेतला. शी!