सरकारी पळी

मी पळी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, आरोग्य खात्यातली. दांडा लांब, वाटी आतून पांढरीशुभ्र. पाण्यात बुडवून काढली की डासांच्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, एवढ्यासाठी माझा जन्म. आणि मला काय केलंय, तर खिळ्याला लटकवलंय! संताप होणार नाही तर काय?

माझे पहिले मालक आरोग्य निरीक्षक होते. लोक त्यांना ‘पिंपपाडे’ म्हणत. अळी दिसली की पिंप आडवं! कुणी ओरडलं की म्हणायचे, “कायदा आहे.” नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, हे साहेबांच्या गावीही नसे. मग बायका त्यांना पाहताच दारं लावून घ्यायच्या. बरोबरच होतं त्यांचं.

त्यांच्या जागी निरीक्षक बाई आल्या. त्या पाणी ओतून देत नसत. फडक्याने गाळून घ्यायच्या, रिकामं पिंप घासायला लावायच्या. मला पुढे धरून म्हणायच्या, “बघा मावशी, ही पिल्लावळ तुमच्याच घरची!” मावशी लाजून हसायच्या आणि पिंपावर झाकण ठेवायच्या. लावलेली दारं उघडली. तेच माझे सोन्याचे दिवस.

बाई निवृत्त झाल्या आणि आताचे साहेब आले. हे दाराबाहेरूनच विचारतात, “पाणी साठवलंय का?” आतून “नाही” आलं की मोबाइलवर घराचा फोटो, काम फत्ते. अरे, पिंपात डोकावायला तुमच्या बापाचं काय जातं?

परवा बाई कार्यालयात आल्या. त्यांच्या शेजारची गरोदर सून डासांच्या तापाने फणफणली होती.

“माझी पळी द्या. गल्ली मी तपासते.”

“बाई, सरकारी मालमत्ता आहे. अशी कशी देऊ?”

“मग तुम्ही घेऊन चला.”

“आमच्या नोंदीत तुमची गल्ली स्वच्छ आहे.”

बाईंचा हात माझ्या दांड्यापर्यंत आला होता. साहेबांनी शिपायाला हाक मारली, तसा तो हात मागे गेला. जन्मभर नियमाने वागलेली बाई ती!

आज शिपायाने सांगितलं, सून वाचली, पोटातलं बाळ गेलं. साहेब “अरेरे” म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

वाचणाऱ्यांनो, मला तुमची हळहळ नको. या कार्यालयाची मागची खिडकी नीट लागत नाही. कुणीतरी या आणि मला चोरून बाईंच्या हातात नेऊन द्या. त्या गल्लीतली पिंपं अजून भरलेलीच आहेत.